सर्टिफिकेट कुठं लावलंय का?

बी. फार्म. झाले त्या उन्हाळ्यात आप्पांनी दुकानातल्या एका पातेल्यावर माझं नाव घातलं आणि ते घरी आणलं. धारूरच्या पेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे. आहेराच्या भांड्यांवर नावं घालायचं मशीन आप्पांच्या हातात दिवसभर गुरगुरत असतं, त्यामुळे त्यांचं अक्षर कागदापेक्षा स्टीलवर चांगलं येतं. माझ्या नावापुढे त्यांनी ‘बी. फार्म.’ असं घातलं, टिंबांसकट.

आई म्हणाली, “पातेल्याला कावून डिग्री?”

“असू दे. घरात पयलीच हाय,” आप्पा म्हणाले.

त्या पातेल्यात आई दूध तापवायला लागली आणि मी नोकरी शोधायला लागले.

कॉलेज बीडला होतं. शिकवणारे चांगले होते, उगीच नावं ठेवणार नाही. पण गोळ्या पाडायचं मशीन होतं त्यावर कायम चादर असायची. वरून तपासणी आली की चादर निघायची, तपासणी गेली की पुन्हा पडायची. दसऱ्याला आम्ही मुली त्याला हळदकुंकू वाहायचो, झेंडूचा हार घालायचो. चार वर्षांत त्या मशीनची पूजा भरपूर झाली. गोळी एकही पडली नाही.

हे मला पहिल्या मुलाखतीत आठवलं. संभाजीनगरच्या एमआयडीसीतली एक कंपनी, थेट या आणि मुलाखत द्या अशी जाहिरात होती. आप्पा सोबत आले. ते गेटबाहेर लिंबाखाली डबा घेऊन बसले आणि मी रांगेत. सगळ्यांच्या हातात सारख्याच फायली, सगळ्यांचे कपडे नुकतेच इस्त्री केलेले. आत एक साहेब होते. त्यांनी विचारलं, गोळीवर कोटिंग का करतात? मी सगळी कारणं सांगितली, कोटिंगचे प्रकार सांगितले, कोटिंगला तडा का जातो तेही सांगितलं. ते ऐकत होते. मला वाटलं, जमलं.

“मशीन चालवलंय?”

“नाही सर. बघितलंय.”

“चालू बघितलंय?”

चादरीची आणि हळदकुंकवाची गोष्ट काही सांगता येत नव्हती. मग त्यांनी विचारलं, रात्रपाळी जमेल का, राहणार कुठे, लग्न कधी आहे. लग्न ठरलेलं नाही म्हटलं, तर म्हणाले, तेच म्हणतो, ठरलं की तुम्ही जाणार. कळवतो.

बाहेर आल्यावर आप्पांनी विचारलं, “काय म्हन्ले?”

“कळवतो म्हणाले.”

“मंग कळवतील की,” असं म्हणून त्यांनी डबा उघडला. त्यांना खरंच वाटलं होतं की कळवतील. पुढचे कितीतरी दिवस फोन वाजला की ते हातातलं मशीन बंद करून माझ्याकडे बघायचे. ते बघणं मला नकारापेक्षा जास्त लागायचं, तेव्हा लागत होतं म्हणून सांगते.

मग पुण्याच्या एका कंपनीची फोनवरची मुलाखत. औषधांमुळे लोकांना काय त्रास झाला याच्या नोंदी कॉम्प्युटरवर करायच्या, असं ते काम. घरात बसून करायचं, लग्नाचा प्रश्न नाही, मशीनचा नाही. फक्त इंग्रजी पाहिजे. स्वतःबद्दल सांगा या प्रश्नाचं इंग्रजी उत्तर मी पाठ केलं होतं, देवाचं स्तोत्र करावं तसं, एकही अडखळ न घेता. घरात रेंज नसते म्हणून गच्चीवर गेले. आईने तिथे मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्या ओलांडून पाण्याच्या टाकीशी उभी राहिले. त्या बाईंनी विचारलं आणि मी सुरू केलं. गाव, शाळा, कॉलेज, आवड, स्वभाव, पाच वर्षांनी मी कुठे असेन तेसुद्धा. संपवून थांबले. पलीकडून काही आवाज नाही. फोन कानापासून काढून बघितला तर तो कधीच कट झालेला. मी कोण, हे मी टाकीला आणि मिरच्यांना सांगितलं होतं. त्यांचा पुन्हा फोन आला नाही आणि मी केला तो कुणी उचलला नाही. याच्यावर मी हसले होते, मैत्रिणींना सांगून त्यांनाही हसवलं होतं.

बीडच्या एका दवाखान्याच्या मेडिकलमध्ये मात्र मला खूप आशा होती. पाटी लागली होती, फार्मासिस्ट पाहिजे. डॉक्टरसाहेबांनी स्वतः मुलाखत घेतली, म्हणजे फाईल चाळली. मला अनुभव विचारला. मी नाही म्हणाले. अनुभव कुठून येणार, कुणी उभंच करत नव्हतं, पण तसं बोलायचं नसतं. त्यांनी काउंटरकडे बोट केलं. तिथे एक माणूस भराभर गोळ्यांची पाकिटं काढून देत होता.

“हा आमचा पाहुणा, नात्यातला. बारावी. सगळं येतं त्याला,” साहेब म्हणाले. “आम्हाला फक्त सर्टिफिकेट पाहिजे. तुम्ही यायची गरज नाही. महिन्याचं महिन्याला घरी पोहोच करू.”

आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे, बाहेरच्यांसाठी सांगते. नोंदणी झालेला फार्मासिस्ट असल्याशिवाय औषधाच्या दुकानाला परवाना मिळत नाही. त्याचं सर्टिफिकेट, फोटोसकट, दुकानात दिसेल असं लावावं लागतं. एक सर्टिफिकेट एकाच दुकानाला. म्हणून सर्टिफिकेट भाड्याने जातं आणि माणूस घरी राहतो. आमच्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुलींची सर्टिफिकेटं कुठल्या ना कुठल्या भिंतीवर लागली आणि मुली कपडे शिवतात, शिकवण्या घेतात, पोरं सांभाळतात. कुणाला विचारावं, काय करतेस? तर ती म्हणते, लावलंय ना केजला. तिचं जे काय व्हायचं ते तिथे लागलेलं असतं.

मी साहेबांना नाही म्हणाले. मला काउंटरच्या आत उभं राहायचं होतं. मोठं काही नको होतं. पांढरा अ‍ॅप्रन, समोर आलेली चिठ्ठी आपण वाचायची, आपण औषध काढायचं आणि ही गोळी कधी घ्यायची ते समोरच्याला सांगायचं. चार वर्षं त्याचसाठी शिकले होते. सर्टिफिकेट एकदा दुसऱ्याच्या भिंतीवर लागलं की आपल्या नोकरीचं दार आपणच बाहेरून लावून घेतलं, हे मला कळत होतं. आप्पांनाही मी ते समजावून सांगितलं. ते म्हणाले, “मंग नगं देऊ. वाट पाहू.”

वाट पाहिली. अर्ज करत राहिले. सुरुवातीला नकार आला की रडू यायचं, मग नुसता राग, आणि पुढे पुढे काहीच येईना. मेल उघडायचा, वाचायचा, आईला भाजी निवडू लागायची. पेठेत कुणी विचारायचं, “लागली का कुठं?” मी म्हणायचे, बघतेय. ते म्हणायचे, लागेल लागेल. दोघांनाही घाई असायची. सीताफळाचे दिवस आले, अंगणात टोपल्या आल्या, सगळं घर फळं फोडून खात बसलं. मीही खाल्ली. गोड होती की नाही, आठवत नाही.

त्यात एक स्थळ आलं. आईचे लांबचे भाऊ, आम्ही त्यांना मामाच म्हणतो, त्यांनी आणलं. बीडजवळ पालीला घर, रस्त्याला लागून गाळा तयार, मुलाला मेडिकल टाकायचं आहे. मामा फोनवर म्हणाले, “फार्मसीवालीच पायजे म्हणत्यात. तुमच्या पोरीनं नशीब काढलं बघा.” आजकाल अशी स्थळं येतात. पूर्वी मुलगी गोरी, उंच, स्वयंपाक येणारी बघायचे. आता गाळा तयार असला की फार्मसीवाली बघतात.

मला त्याचंही काही वाटलं नाही, खरं तर बरंच वाटलं. दुकान घरचं असेल तर काउंटरच्या आत कोण जाऊ देत नाही, असा हिशोब मी मनात केला.

मुलगा, त्याचे वडील आणि चुलते आले. मुलगा सगळा वेळ मोबाइलकडे बघत होता, मी पोहे दिले तेव्हाही मान वर केली नाही. बोलायचं काम चुलत्यांकडे होतं. ते म्हणाले, “रजिस्ट्रेशन झालंय का? पाहू बरं.” आप्पांनी सर्टिफिकेट आणून दिलं. त्यांनी ते खिडकीपाशी नेऊन उजेडात वाचलं, फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला, मागची बाजूसुद्धा बघितली. कुठल्याच कंपनीत कुणी ते इतकं नीट वाचलं नव्हतं.

मग रिवाजाप्रमाणे ते म्हणाले, “तुला काय इचारायचं असंल तर इचार, बाई.”

असं म्हणतात तेव्हा विचारायचं नसतं, खाली बघून मान हलवायची असते. मी विचारलं, “दुकानात मी बसणार ना?”

चुलते हसले. “तू कावून बसतीस? पोरगा हाय की. तू घरी राणीवानी राय.”

“मग औषध कोण देणार?”

“आमी देऊ. त्यात काय हाय?”

“औषध देणं माझं काम आहे,” मी म्हणाले. माझा आवाज चढला नव्हता. पण मुलाने पहिल्यांदा मान वर केली, मी कुठे बसले आहे ते बघितलं, आणि पुन्हा मोबाइलमध्ये घातली.

मामांचा फोन आला तो आप्पांनी दुकानात घेतला. मी डबा द्यायला गेले होते. हातात मशीन होतं म्हणून त्यांनी फोन मोठ्याने बोलेल असा गल्ल्यावर ठेवला होता.

“पोरगी चांगली हाय,” मामा म्हणत होते, “पन लई बोलती म्हन्ले. त्यायला जरा शांत पायजे. जमत न्हाई.”

“बरं,” आप्पा म्हणाले.

“पन त्यायनी इचारलंय, तिचं सर्टिफिकेट कुठं लावलंय का? नसंल तर त्यायला देता का म्हनं. गाळा आडून ऱ्हायलाय.”

आप्पांनी मशीन बंद केलं. समोर अर्धं नाव घातलेली परात होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “काय सांगू, माय?”

मला राग यायला हवा होता. मी तो शोधलासुद्धा, आत कुठेच नव्हता. “द्या म्हणा,” मी म्हणाले.

“पुन्ना कुठं लागली तर?”

“कुठे लागतेय, आप्पा?”

आप्पांनी मामांना हो सांगितलं आणि परातीवरचं नाव पुरं केलं. पुढे कागद घरी आले. पेन्सिलने जिथे फुल्या होत्या तिथे मी सह्या केल्या.

नंतरच्या श्रावणात एका सोमवारी आई आणि मी शेजाऱ्यांच्या जीपमधून कपिलधारला गेलो. दर्शन झालं, धबधब्याखाली बायका भिजल्या, आणि तिथून बीडला मावशीकडे निघालो. आईला गाडी लागते. पालीला येईपर्यंत ती इतकी बेजार झाली की जीप थांबवावी लागली. समोरच एक नवं मेडिकल होतं. मी रस्ता ओलांडून गेले आणि काउंटरशी गेल्यावर मला बघायला आलेला तो मुलगा दिसला. त्याच्या डोक्यावर, काचेच्या फ्रेममध्ये, मी होते.

मला वाटलं, आता हा ओळखणार. तो म्हणाला, “काय पायजे?”

उलटीची गोळी मागितली. त्याने काढून दिली. “जरा येळानं पानी पाजा, लगेच खायला देऊ नका,” म्हणाला. बरोबरच सांगितलं. तक्रार करायला काही जागा नव्हती.

“बिल द्या,” मी म्हणाले.

“एवढ्याला बिल?” त्याने कुरकुरतच बिलबुक ओढलं, लिहिलं, आणि खाली फार्मासिस्टच्या सहीच्या जागी सही केली. मराठीत, माझं नाव, आडनावासकट. हात चांगला बसलेला होता.

“ही कुणाची सही?” मी विचारलं.

“मॅडमची,” तो म्हणाला. वर भिंतीकडे त्याने अंगठा केला, पण स्वतः बघितलं नाही. “जेवायला गेल्यात. येतील इतक्यात.”

जीपमधून आई हाक मारत होती. मी गोळी घेतली, बिल घेतलं, आणि तरी तिथून हलले नाही. कितीतरी महिन्यांत मला काही वाटलं नव्हतं, ते तेव्हा वाटलं, आणि लाज वाटावी इतकं स्पष्ट वाटलं. सकाळपासून काउंटरवर उभी राहून, अ‍ॅप्रन खुर्चीवर टाकून आत्ताच घरी जेवायला गेलेल्या त्या मॅडमचा मला हेवा वाटला.