गळ्यात राहिलेला टेप

टेप गळ्यातच राहिला होता. सकाळी मंडी मोहल्ल्यातल्या दुकानात वडिलांना, अप्पांना, कापड कापू लागलो आणि तसाच कॉलेजात पळालो. शिंप्याच्या घरात असं होतं. टेप अंगाचाच होऊन जातो.

प्राध्यापकांनी मलाच उठवलं. हायपोथेसिस आणि थिअरी, साम्य काय, फरक काय. पुस्तकातलं इंग्रजी तोंडात बसत नव्हतं. मी घरचं सांगितलं. कोटाला आधी कच्ची शिलाई घालतात. गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघतात. खांद्यात बसला नाही तर दोरा ओढून टाकतात, वाईट वाटून घेत नाहीत. ती हायपोथेसिस. कितीतरी अंगांवर बसून टिकलेलं कापायचं शास्त्र, ती थिअरी. दोन्ही अंगावरच ठरतात. आणि पक्क्या शिवणीतही आत बोटभर कापड राखतात. उद्या उसवावं लागलं तर.

उत्तर चूक नव्हतं. आजही म्हणतो.

प्राध्यापक खाली उतरले. माझ्यासमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"बा टेलर, अळते तगो."

कन्नडात म्हणाले, ये टेलर, माप घे. वर्ग हसला.

आणि मी माप घेतलं. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. छाती, कंबर, बाही. नीट घेतलं. आकडा चुकला नाही.

"माझी थिअरी सांगू?" ते वर्गाला म्हणाले. "यांचे हात चालतात. डोकं नाही."

त्यांनी ती कधी कुणावर घालून बघितली नव्हती. मी मात्र जन्मभर घातली.

आता पन्नाशीला टेकलोय. बोगादीत एका खासगी शाळेत विज्ञान शिकवतो. घरी एकटाच. स्टाफरूममध्ये डबा खिडकीकडे तोंड करून खातो, म्हणजे कुणी काही विचारत नाही. वर्षानुवर्षं मुलांना लिहून देत आलो, हायपोथेसिस सिद्ध झाली की तिची थिअरी होते. तसं नसतं. हायपोथेसिस एका प्रश्नापुरती, तपासायच्या आधीची. थिअरी अशी कितीतरी तपासलेली उत्तरं एकत्र बांधते, असं का होतं ते सांगते. पुरावा उलटा आला तर तिलाही उसवावं लागतं. मला माहीत होतं. पण ते शिकवायचं तर कच्ची शिलाई आठवावी लागली असती.

यंदा विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं निवडायला शाळेचे एक ट्रस्टी वर्गात मागे येऊन बसले. मी तोच प्रश्न विचारला. हुणसूरकडची एक मुलगी उठली. घरी तंबाखू सुकवायची भट्टी. कन्नडातच बोलली.

"सर, पान पिवळं व्हायच्या आधी आच वाढवली तर ते हिरवंच राहील, असं माझ्या अप्पाला वाटलं. एका भट्टीत करून बघितलं. ती हायपोथेसिस. पण कुठलंही पान पिवळं का पडतं, ते सांगते ती थिअरी. हो ना, सर?"

मी हो म्हणायच्या आत मागून ट्रस्टींचा आवाज आला.

"मेष्ट्रे, उत्तराला तंबाखूचा वास येतोय की."

वर्ग हसला. मीही हसलो. मेष्ट्रे, म्हणजे मास्तर म्हणून नव्हे, सवयीनं.

मुलगी खाली बसली. हात बाकाखाली घेतले. ते हात मला ओळखीचे होते.

"ही पोरं हातकामाची," ट्रस्टी म्हणाले. "माझी थिअरीच आहे."

"सर, ती थिअरी नाही. हायपोथेसिसही नाही. ती चूक ठरू शकते, हे मानायचीच तुमची तयारी नाही. या मुलीचं उत्तर बरोबर आहे," मी म्हणालो.

"कुणाशी बोलताय, मेष्ट्रे?"

"साकु, सर. पुरे झालं."

सोमवारी ऑफिसात बोलावलंय. नोकरीचं काय होईल ते दिसतंच आहे. मुलगी अजून मान वर करत नाही. का करावी. मी हसलो होतो.

ऑफिसच्या आधी माझा तास आहे. अप्पांचा टेप गळ्यात घालून वर्गात जाणार. सगळ्यांसमोर आधी तिची माफी मागणार. मग फळ्यावर कच्च्या शिलाईचं चित्र काढून दाखवणार.

तिथून ऑफिसात. टेप गळ्यातच असेल. समोर कुणीही हात पसरून उभं राहू दे, माप घेणार नाही.