हॉटेलचा पूल आणि बागबाजारचं तळं

आधी काकूंचं सांगते, मग माझं.

काकू माझ्या नात्यातल्या नाहीत. त्यांचे यजमान रेल्वेत अधिकारी, कोलकात्यात गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये राहणारे. मी मालवणच्या बाजूची, नववीतून शाळा सुटलेली. गावच्या किनाऱ्यावर लाइफगार्डचं काम शिकले आणि एका कंत्राटदाराबरोबर कोलकात्याच्या वॉटर पार्कवर आले. हिवाळ्यात पार्क बंद झाला, कंत्राटदाराने फोन उचलणं सोडलं आणि राहायची खोली त्याचीच असल्यामुळे तीही गेली. या शहरात माझ्याकडे मराठी माणसाचा एकच नंबर होता. गणपतीत मराठी मंडळात प्रसादाच्या रांगेत एका बाईंनी मागून विचारलं होतं, "मालवणची का गं तू? बोलण्यावरून वाटलं." त्या काकू. मी फोन केला, काय झालं ते सांगायला लागले, तर म्हणाल्या, "ऑटोत बस आणि ये. बाकीचं जेवताना सांग."

तो सगळा हिवाळा मी त्यांच्या घरी काढला. त्यांची मुलगी शिकायला बाहेरगावी होती, तिची खोली मला दिली. मागच्या अंगणात नोकरांसाठीची एक खोली रिकामीच होती, काकांनी तसं सुचवलंही होतं. काकू म्हणाल्या, "तिथे ओल आहे." पुढे एकदा वाळत घातलेले कपडे काढताना मी त्या खोलीत डोकावले. भिंती कोरड्या ठणठणीत होत्या.

थंडी सरली, पूल उघडायची वेळ झाली आणि त्याच आठवड्यात काकांच्या बदलीची ऑर्डर आली. महिनाअखेरीला क्वार्टर सोडायचं. म्हणजे मला आता नुसती नोकरी पुरणार नव्हती, नोकरीबरोबर डोक्यावर छप्परही हवं होतं. नाहीतर गावी परत. आणि गावी आईने माझ्या भरवशावर धाकट्या भावाला कॉलेजात घातलं होतं.

मी खूप ठिकाणी विचारलं. एका मोठ्या सोसायटीने सांगितलं, पूल सांभाळायचा आणि मधल्या वेळात गेटवर रजिस्टर घेऊन बसायचं. मी विचारलं, त्या वेळात पाण्याकडे कोण बघणार? ते म्हणाले, दुपारी कोण येतंय. ते सोडलं. राहिल्या दोन जागा. एक हॉटेलचा पूल, दुसरं बागबाजारच्या बाजूला तळ्यावरचा एक जुना पोहण्याचा क्लब. हॉटेलात पगार चांगला, जेवण आणि मुलींसाठी राहायची खोली. क्लबात पगार बेताचा आणि राहायचं आपलं आपण बघा. तिथली बायकांची बॅच बाई गार्ड नाही म्हणून बंद पडली होती, मी आले तर ती पुन्हा सुरू होणार होती.

आईला फोनवर सांगितलं तर तिचा निकाल लगेच. "हॉटेलातच रव गो. तळ्याबिळ्यात जाव नको."

मलाही तेच वाटत होतं. खरं सांगायचं तर मला तळ्याची भीती वाटायची. समुद्र बुडालेल्याला उचलतो, आपटतो, कुठेतरी बाहेर तरी टाकतो. तळं नुसतं मिटून घेतं.

हॉटेलने शनिवारी ट्रायलला बोलावलं. काकू सोबत आल्या. आत कॉफी घेत बसा म्हटलं तर म्हणाल्या, "नको बाई, त्या खुर्चीतून मला उठता यायचं नाही," आणि बाहेर बसस्टॉपवर जाऊन बसल्या.

पूल बघून माझा जीव निवला. निळं, स्वच्छ पाणी. तळाला पडलेली केसांची पिनसुद्धा वरून दिसत होती. मॅनेजर तरुण होता, बोलायला गोड. त्याने मला पांढरा टी-शर्ट दिला, आणि माझ्या गळ्यातल्या शिट्टीकडे बघून म्हणाला, "ये तो रहने दो. गेस्ट को सीटी नहीं मारते. पास जाके, स्माइल करके, सर बोलके." मी शिट्टी टी-शर्टच्या आत टाकली. ती अंगाला गार लागत राहिली.

दुपारी तिथे एक पार्टी होती. चार-पाच पुरुष खोल बाजूला उतरले आणि पैज लागली, पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतं. ही पैज मी किनाऱ्यावर पाहिलेली आहे. श्वास रोखून बसलेला माणूस आणि श्वास संपून शुद्ध हरपलेला माणूस वरून अगदी सारखे दिसतात. दोघंही शांत असतात. मी जवळ गेले, हसले, म्हणाले, "सर, प्लीज, ये मत कीजिए." एकाने वळून मित्राला म्हटलं, "अरे, मॅडम को भी खेलना है!" सगळे हसले. मॅनेजरने लांबून मला मागे यायची खूण केली.

एक एक जण वर आला. एक टक्कल पडलेले गृहस्थ तेवढे खाली राहिले. वरचे ओरडून आकडे मोजत होते. मी त्या गृहस्थांच्या हातांकडे बघत होते. आधी ते शिडीची खालची पायरी पकडून होते. मग हात सुटला, बोटं उघडली आणि तशीच राहिली. मी शिट्टीला हात घातला, ती कापडाच्या आत. मग शिट्टीचा नाद सोडला आणि सरळ उडी मारली. काखेत हात घालून त्यांना वर आणलं. ते खोकले, नाकातून पाणी आलं, आणि मग त्यांनी मला ढकललं. "पागल है क्या? मैं जीत रहा था!"

ते खरंच जिंकत होते की नव्हते, मला आजही माहीत नाही. त्यांनाही माहीत असेल असं वाटत नाही. मॅनेजर धावत आला, त्याने आधी त्यांची माफी मागितली आणि मग माझ्याकडे वळला. "सॉरी बोलो सर को." मी ओल्या कपड्यांत उभी होते. म्हणाले, "सॉरी सर."

बसस्टॉपवर काकूंनी माझे केस बघितले आणि पिशवीतून टॉवेल काढला. मी सगळं सांगितलं.

"सॉरी म्हणालीस?"

"म्हणाले."

"बरं केलंस. दोन अक्षरांनी अंगाला भोकं पडत नाहीत." मग म्हणाल्या, "पण मला एक सांग. उद्या परत कुणी असं खाली बसलं, तर उडी मारशील?"

"मारीन की."

"लगेच?"

बस आली, आम्ही चढलो. खिदिरपूर येईपर्यंत उत्तर मला मिळालं होतं आणि ते मला आवडलं नव्हतं. उद्या मी आधी मॅनेजर कुठे आहे ते बघितलं असतं. सर रागावतील का, याचा विचार केला असता. तेवढा वेळ पाण्याखालच्या माणसाजवळ नसतो.

आणि त्याच संध्याकाळी हॉटेलचा फोन आला. सिलेक्शन झालं होतं! मॅनेजर म्हणाला, तुझी नजर चांगली आहे, बाकी वागणं शिकशील, सोमवार संध्याकाळपर्यंत होकार कळव, खोली तयार आहे. मी थँक्यू थँक्यू म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर मला रडू आलं, ते आनंदाचं होतं की कसलं, ठरवता येईना. काकू भांडी बांधत होत्या. वर्तमानपत्रात कप गुंडाळता गुंडाळता एवढंच म्हणाल्या, "रविवारी तळं बघून ये. बघायला काय जातंय."

तळं होतं हिरवट काळं. हात कोपरापर्यंत बुडवला की बोटं दिसत नव्हती. मधे लाकडी फळ्यांचा एक मचाण, दोरीला बांधलेले पिंप, या बाजूला दगडी पायऱ्या. क्लबचे सेक्रेटरी उतारवयाचे, धोतर नेसलेले. बॅच सुरू होणार कळल्यावर त्या परिसरातल्या बायका गर्दीने आल्या होत्या, कुणी पोहण्याच्या पोशाखात, कुणी सलवार-कमीजमध्येच. त्यांच्यात सगळ्यांत पुढे एक पांढऱ्या केसांच्या आजी. त्यांना सगळे माशीमा, म्हणजे मावशी, म्हणत होते. त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "माराठी?"

मी हो म्हटलं.

"बर्गी!" त्या सगळ्यांना ओरडून सांगायला लागल्या. पूर्वी बंगाल लुटायला आलेल्या मराठा स्वारांना इथे बर्गी म्हणतात. मग मला हिंदीत म्हणाल्या, "तुम्हारा लोग को रोकने के लिए हमारा बाप-दादा ने इधर ही खाल काटा था, इतना बड़ा खंदक. अब तुम हमको पानी से निकालेगा?" बायका खदखदून हसल्या. मी म्हणाले, "माशीमा, खाल में गिर गए तो भी निकालूंगी." त्यांना ते फार आवडलं.

सेक्रेटरींनी मला त्या तळ्याची रीत सांगितली. इथे तळ दिसत नाही, म्हणून पाण्यात शोधायचं नसतं, पायऱ्यांवर बघायचं. पाण्यात उतरणारी प्रत्येक बाई आपल्या चपला पायरीवर ठेवते, बाहेर आली की आधी चपला घालते, मग कपडे बदलायला जाते. गार्डने डोकी मोजायची आणि चपलांचे जोड मोजायचे. दोन्ही जमले पाहिजेत. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून असंच चाललं आहे.

मी मोजत राहिले. डोकी हलतात, बुडतात, वर येतात, सारखी मोजावी लागतात. वेळ संपत आली, बायका बाहेर यायला लागल्या. शेवटी पाण्यात कुणीच उरलं नाही आणि पायरीवर एक जोड उरला. तपकिरी, साधा, सोनेरी बक्कल असलेला.

मी परत मोजलं. पाणी सपाट होतं, एक बुडबुडा नव्हता. क्षणभर मला त्या मॅनेजरचा चेहरा दिसला. आणि मग मी शिट्टी तोंडात घातली आणि दम संपेपर्यंत वाजवली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. सेक्रेटरी धोतर खोचून धावत आले, काय, कुठे, असं काही न विचारता फक्त चपलांकडे बघितलं आणि मला दोरीकडे बोट दाखवलं. मी ट्यूब घेऊन उडी मारली, दोरीच्या कडेने खाली गेले. खाली काहीच दिसत नव्हतं, गाळ नुसता हाताला लागायचा, लोण्यासारखा. वर आले तर उथळ भागात बायका ओल्या कपड्यांनी हातात हात घालून एक रांग करून चालत होत्या, पायांनी तळ चाचपत, एक पाऊल सगळ्यांनी मिळून. कुणीतरी शिकवलेली असणार, एवढी ती रांग सरळ होती. माझ्या हाताला एकदा कापड लागलं. मी ते ओढलं. जुनं पोतं निघालं. त्या क्षणी माझ्या तोंडून आईचं नाव निघालं.

मग काठावरून माशीमांचा आवाज. त्या चपला हातात घेऊन उलटसुलट बघत होत्या. "ए तो डाक्तार-गिन्नीर!" डॉक्टरच्या बायकोच्या! त्यांच्या घरी फोन लावला गेला. आम्ही सगळ्या पाण्यात, गळ्यापर्यंत, फोनकडे बघत उभ्या. फोन त्या बाईंनीच उचलला. चपलेचा अंगठा तुटला होता, म्हणून त्या अनवाणीच रिक्षात बसून घरी गेल्या होत्या आणि आता लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, तळत होत्या.

मी पायरीवर बसले. सेक्रेटरी समोर आले, तेव्हा ते काही बोलायच्या आधी मीच म्हणाले, "सॉरी."

"शॉरी किस बात का?" ते धोतर पिळत होते. "अगली बार भी ऐसा ही बजाना."

डॉक्टरच्या बायकोला त्याच रिक्षाने परत बोलावलं गेलं. माशीमांनी तिला सगळ्यांसमोर कान धरायला लावले. तीही धरून हसत होती, आणि मग माझ्याकडे बघून हसायची थांबली. जवळ येऊन तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

घरी येऊन मी काकूंना म्हटलं, "मला तळंच हवंय. पण राहू कुठे?"

काकूंनी अर्धवट बांधलेला खोका तसाच टाकला, साडी बदलली आणि मला घेऊन पुन्हा बागबाजार गाठलं. माशीमांचं घर विचारत विचारत शोधलं. चहा झाला, संदेश मिठाई झाली. मग काकू आपल्या बंगालीत म्हणाल्या की या मुलीला राहायला खोली पाहिजे. ती बंगाली म्हणजे हिंदीच, फक्त तोंड गोल करून बोललेली. माशीमांनी बराच वेळ पानाला चुना लावला.

"माछ खाबे?" त्यांनी विचारलं.

"मालवणची आहे," काकू म्हणाल्या, मराठीतच. "मासे तुम्हालाच कमी पडतील."

"समुद्र का माछ! वो भी कोई माछ है?" माशीमांनी तोंड वाकडं केलं. त्यावर मी आणि त्या असं काही भांडलो की खोलीचं राहूनच गेलं. उठताना त्यांनी वरच्या मजल्याची किल्ली काकूंच्या हातात दिली. काकू म्हणाल्या, "भाडं?" माशीमा म्हणाल्या, आधी हिला आमचा इलिश मासा खायला शिकवू, मग बघू.

सोमवारी मी हॉटेलला नको म्हणून कळवलं. फोन करताना काकू शेजारी बसल्या होत्या. मॅनेजर वाईट बोलला नाही. म्हणाला, "पछताओगी." होईलही तसं. अजूनही मला त्या पाण्याची भीती वाटते, पाऊस लागला की पाणी आणखी काळं होतं, आणि पायरीवरचे जोड मी दोनदोनदा मोजते. आईला मी अजूनही हेच सांगते की हा क्लब म्हणजे हॉटेलसारखाच आहे.

काकू बदलीच्या गावी निघाल्या त्या दिवशी त्यांच्या ट्रकमध्ये सामान चढवायला मी होते. रडायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं, म्हणून आम्ही दोघी दोरखंडाच्या गाठींवरून भांडत राहिलो.

काकू, तुमचं हे मी फेडणार आहे. कसं ते आज माहीत नाही, तुम्हाला माझ्याकडून काय लागणार? पण एखाद्या दिवशी लागेल. काका दौऱ्यावर असतील, मुलगी लांब असेल, डोळ्यांचं ऑपरेशन निघेल किंवा नुसताच ताप येईल आणि घरात पाणी द्यायला कुणी नसेल. तेव्हा मला फोन करा, काय झालं ते सांगत बसू नका. मिळेल त्या गाडीने मी निघेन.