मास्तरांची शेरवानी आणि माझा अडकित्ता

पहिल्यांदा विमानात बसलो, तो पिशवीत अडकित्ता घेऊन. चांगला वीतभर, पितळी. सुपारीशिवाय माझं डोकं चालत नाही. सुपारी असूनही फारसं चालत नाही, हे पुढं कळेलच. पण बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर मला कुणी अडवलं नाही. अडवलं ते मास्तरांना.

मास्तर म्हणजे आमचे निपाणीचे शिंपी. तिकिटावर अब्दुलरहमान, गावात नुसते मास्तर. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत यांनी नजरेनं माप घेतलेलं असे. मला बघताच म्हणायचे, "अण्णा, औंदा वैनीचा तुपाचा हात सैल दिसतोय. कंबर दोन इंच वाढलीया!" तोंडात दात एक नाही. "पयलं दातानं दोरा तोडत हुतो. आता त्यालाबी कात्री लागती."

मास्तरांची मुलगी मुंबईला आत्याकडे गेलेली, तिथंच तिचा निकाह ठरलेला. आखातातल्या जावयाची रजा अचानक कमी झाली आणि तार आली : निकाह उद्याच, संध्याकाळी. जावयाची शेरवानी पुरी होईतो सकाळ उजाडली. एस्टीनं पोचणं शक्य नव्हतं. मी तंबाखूपेढीच्या कामानं विमानानं निघालोच होतो. मास्तर माझ्याबरोबर आले.

तपासणीवाल्यानं तिकिटावरचं नाव वाचलं आणि म्हणाला, "बाजूला व्हा." मग मास्तरांच्या हातातलं शेरवानीचं खोकं उघडलं, कात्री काढून घेतली, शेरवानी झटकली.

"खांद्यात काय भरलंय?"

"कापूस, साहेब. नवरदेवाचं खांदं पडकं हायती."

त्यानं ब्लेडनं खांदा उसवला. निघाला कापूसच. तरी पुन्हा नाव विचारलं, गाव विचारलं, मुंबईत कुणाकडे उतरणार ते विचारलं. बाकीचे प्रवासी विमानाकडे चालू लागले. मास्तर एवढंच म्हणाले, "साहेब, तुमची डावी बाही अर्धा इंच आखूड हाय. निपाणीला या, नीट करून देतो." तो हसला नाही. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. अगदी मन लावून.

विमान सुटता सुटता आम्ही चढलो. मास्तरांनी कॉलरखाली टोचलेली दोऱ्याची सुई काढली आणि खांदा शिवायला घेतला. त्यांचा टाका वाकडा गेलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. उसवून पुन्हा घातला. शेवटी दोरा तोडायला काही मिळेना, तेव्हा मी मोठ्या तत्परतेनं अडकित्ता पुढं केला.

"ह्यो कुठं हुता?"

"पिशवीत."

"बघितली न्हाय तुमची पिशवी?"

"न्हाय."

मास्तर असे हसले की पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. मग डोळे पुसत म्हणाले, "अण्णा, मापं घ्यायला त्यो माणूस लईच कच्चा हाय बघा."

निकाह वेळेवर झाला. शिवण कुणाच्या लक्षातही आली नाही. मास्तर मात्र जेवतानासुद्धा जावयाच्या त्या एकाच खांद्याकडे बघत होते.

हा किस्सा मी वर्षानुवर्षं रंगवून सांगितला. मास्तरांना माती देऊन आलो त्या दिवशीही सांगितला. ओसरीवर सगळे हसले. बायको तेवढी हसली नाही. चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, "अहो, तो अडकित्ता तुम्ही तिथं तपासणीच्या टेबलावरच का काढून ठेवला नाहीत?"