कुलूप ओढून बघणारा माणूस

आमचे हे, म्हणजे सुधाकर, कुलूप लावलं की ओढून बघतात. चार पावलं जातात, परत येतात, पुन्हा ओढतात. दूधवाल्यावर संशय, रिक्षावाल्यावर संशय. माझ्या मामाने लग्नात दिलेलं घड्याळसुद्धा यांनी आधी दुकानात दाखवून आणलं, मगच हाताला बांधलं. खोटं वाटत असेल तर आमच्या सिंधीपुऱ्यात कुणालाही विचारा.

यांच्यावर हसायची मुभा एकाच माणसाला होती, प्रभाकरभाऊजींना. शाळेपासूनची दोस्ती, कॉम्प्युटरचं दुकानही भागीत. भाऊजींच्या घराचं दार दिवसभर सताड उघडं. यांना म्हणायचे, "सुध्या, छोड ना यार, कुलूप थकलं बिचारं."

तेव्हा जो तो सगळं कॉम्प्युटरवर एकत्र आणायच्या मागे होता. खासगी बसवाल्यांनीही बसस्टँडवर सगळ्यांची मिळून एकच स्क्रीन लावायचं ठरवलं आणि काम आमच्या दुकानाला मिळालं. गावांची नावं देवनागरीत हवी होती. प्रोग्राम भाऊजींनी लिहिला, आपल्या घरी चालवून दाखवला आणि तयार फाइल यांच्या हातात दिली. "हीच बसव. दुसरं काही करू नको."

हे ऐकतील तर शपथ! तयार फाइलच्या पोटात काय आहे कुणाला दिसतंय? यांनी भाऊजींचा मूळ कोड ओळ न् ओळ वाचला आणि बसस्टँडच्या कॉम्प्युटरवर स्वतः पुन्हा कंपाइल केला, म्हणजे त्यातून आपली वेगळी तयार फाइल बनवली.

स्क्रीन लागली. शाहपुर गावाच्या नावाच्या जागी डोक्यावर रेघा-टिंबं असलेली इंग्रजी अक्षरं! केळी विकणाऱ्या सोजरबाई टोपली घेऊन मला विचारत होत्या, "माय, ही गाडी जाते कुठे?" कंडक्टर फिदीफिदी हसले. आणि हे सगळ्यांसमोर भाऊजींवर ओरडले, "तूच काहीतरी घातलंस यात! तुझ्या साल्याची बस आहे, त्याला ही स्क्रीन नको आहे. सब समझता हूँ मैं!"

भाऊजींनी दुकानाची किल्ली काढून यांच्या हातावर ठेवली आणि गेले.

मला इतकी लाज वाटली की मी यांच्याशी बोलणंच टाकलं. यांना मात्र भाऊजींविरुद्ध पुरावा हवा होता. म्हणून यांनी भाऊजींची तयार फाइल लावली. स्क्रीनवर स्वच्छ 'शाहपुर' आलं.

मग शोधाशोध झाली. कोडची फाइल कोणत्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या कोणत्या सांकेतिक पद्धतीत साठवली आहे, हे कंपाइल करताना सांगावं लागतं. भाऊजींचं मशीन तसं लावलेलं होतं. बसस्टँडच्या मशीनने आपल्या मनाने इंग्रजी धरलं. यांनी कमांडमध्ये देवनागरी चालणाऱ्या पद्धतीचं नाव, यूटीएफ-८, लिहिलं आणि यांच्या फाइलमधूनही नावं नीट उमटली. कुणी काही घातलं नव्हतं. यांनी विश्वास ठेवला असता तर बिघडलंच नसतं.

संध्याकाळी मी यांना भाऊजींकडे नेलं. दार बंद होतं. भाऊजींनी उघडलं, बसवलं, चहा दिला. हे रडले. "माझं चुकलं रे."

"हो गया, सोड," भाऊजी म्हणाले.

आम्ही पायरी उतरलो. मागे दार लागलं, कडी सरकली. मग आतून दार ओढून बघितल्याचा आवाज आला. थोडं थांबून पुन्हा आला.