लावलं म्हणजे लागलं नव्हे

माझ्या मावशीनं आयुष्यभर शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर माणसं स्टिअरिंगचा नाद सोडतात. हिनं घरच चाकांवर घेतलं. घरगाडीत दोन पलंग, हातभर ओटा, वळलं की कोपर आपटेल असं न्हाणीघर, टपावर सोलर पॅनल आणि पलंगाखाली एक जाडजूड बॅटरी. तिच्यावर दिवे, पाण्याचा पंप आणि फ्रिज चालतो, आणि उरलंसुरलं आम्हा पाहुण्यांच्या फोनना मिळतं. तेही मावशीची मर्जी असेल तर.

चार्जिंगच्या बाबतीत ही बाई कुणाच्या बापाला ऐकत नाही. मुलं उतरली की ती बसच्या शेवटच्या बाकापर्यंत चालत जायची, कुणी झोपून राहिलंय का ते बघायला. ती सवय अंगात इतकी मुरली आहे, की जेवणं झाली की ती अजूनही गाडीतल्या प्रत्येक वायरवरून हात फिरवत जाते.

"लावलाय गं मावशी," मी फोनकडे बोट दाखवते.

"लावलास ते दिसतंय. लागलाय का ते सांग."

तिच्या मते लावणं आपल्या हातात असतं, लागणं नाही. माणूस पिन खुपसतो आणि कर्तव्य संपलं म्हणून ढाराढूर झोपतो. पडद्यावर विजेची खूण उमटली की मगच फोन लागला. "आडवं झालं की झोप लागते का? तसंच आहे ते," असं ती वर ऐकवते. पहिल्या प्रवासात मला हा जाच वाटायचा. आता घरीसुद्धा मी खूण बघितल्याशिवाय फोनपासून हलत नाही.

या सगळ्या काटेकोरपणाचं मूळ म्हणजे माझे काका, तिचे यजमान. गळ्याच्या आजारात त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. आता ते टॉर्चएवढं एक यंत्र गळ्याला टेकवतात आणि ओठ हलवतात. यंत्र थरथरतं आणि शब्द बाहेर पडतात. आवाज सपाट, घुमणारा, पण समजतो. यंत्राचं चार्जिंग संपलं की काका मुके. म्हणून पलंगाशेजारचं एक सॉकेट कायमचं त्यांच्या आवाजाचं. तिथं मी एकदा हेडफोन लावले होते, तर मावशीनं ते काढून माझ्या उशीवर ठेवले आणि नुसती बघत राहिली. पुन्हा हिंमत झाली नाही.

यंदा आम्ही निघालो ते काकांच्या थोरल्या भावाला, दादांना, भेटायला. त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. वय पाहता काहीही होऊ शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याआधी सकाळी घरच्यांना थोडा वेळ भेटता येणार होतं. दादांची दृष्टी केव्हाच गेलेली. त्यांना ओठ दिसणार नव्हते, लिहिलेलं वाचता येणार नव्हतं. भाऊ आला हे कळायला आवाजच हवा. आणि हा यंत्राचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. काका लाजेनं फोनवर यायचेच नाहीत. "बाहेर गेलेत" म्हणून मावशीच वेळ मारून न्यायची.

इस्पितळापासून हाकेच्या अंतरावरच्या मैदानात आम्ही मुक्काम केला. तिथं विजेची सोय नव्हती. आभाळ सलग भरून आलेलं, त्यामुळे सोलर पॅनल नावापुरतं. पॉवर बँकही रिकामी. मावशीनं फर्मान काढलं, "आज फक्त ह्यांचा आवाज."

सकाळी काकांनी यंत्र गळ्याला टेकवलं, ओठ हलवले. काहीच नाही. पुन्हा बटण दाबलं. यंत्र गार.

मावशी पलंगाशी गेली. आवाजाच्या सॉकेटमध्ये तिचाच फोन होता, तुडुंब भरलेला. काकांनी खुणेनं सांगितलं: नवं शहर, औषधांसाठी फिरावं लागलं तर तुला नकाशा बघायला फोन लागेल, म्हणून तू झोपल्यावर मी बदलाबदली केली. माझं यंत्र पुढे लावलंय. पुढे म्हणजे ड्रायव्हरशेजारी. किल्ली फिरवल्याशिवाय त्या सॉकेटला वीजच येत नाही. बिचारे काका कायम धावत्या गाडीतच तिथं बसलेले, त्यांना ते चालूच माहीत. आणि फोनचं पोट भरता भरता, फ्रिज चालवता चालवता, पलंगाखालच्या बॅटरीनंही मान टाकली होती.

मला वाटलं, आता तोफ सुटणार. पण मावशीनं सॉकेटमधून फोन काढला. तिचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं.

"माझ्यासाठी स्वतःचा आवाज काढून ठेवलात," ती म्हणाली. "शहाणेच आहात. बसा पुढे."

ही बाई उतारावर इंधन कसं वाचवायचं यावर तासभर बोलू शकते. पण उभ्या गाडीत यंत्र फार हळू भरतं, म्हणून त्या सकाळी तिनं समोर दिसणाऱ्या इस्पितळाकडे पाठ फिरवून गाडी शहराबाहेरच्या रस्त्याला घातली. तिथून पुलावर, पुलावरून परत. शुद्ध द्राविडी प्राणायाम. यंत्रावरचा दिवा लुकलुकायला लागला, तरी ती थांबेना. "दिवा सगळेच दाखवतात, वाक्य पुरं होईल एवढं होऊ दे." भेटीसाठी दार उघडत होतं, तेव्हा आम्ही फाटकातून आत शिरत होतो.

दादा उशीला टेकून बसले होते. "कोण आलंय?" त्यांनी विचारलं. मावशी उत्तर देऊ शकली असती. ती मुद्दाम मागे सरकली.

काकांनी यंत्र गळ्याला टेकवलं. "दादा, मी."

दादांनी मान कलती केली. मग त्यांनी चाचपडत काकांचा हात धरला, यंत्रासकट.

"सर्दी झालीय का रे तुला?"

"हो. जरा."

"मग आज फार बोलू नकोस. उद्या बोलू."

नर्स त्यांना न्यायला आली. खाट दाराबाहेर जाईपर्यंत काका हात धरून चालले. परतल्यावर ते यंत्र मुठीत घट्ट धरून उभे राहिले. मावशीनं एकेक बोट हलकेच सोडवलं.

"द्या इकडे," ती म्हणाली, आणि भिंतीवर सॉकेट शोधू लागली. "उद्याला पुरायला हवं."