विहिरीतले तळे

१२ मे १९७४, रविवार. हजर : मी आणि आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे लेले सर. सोबत हातोडी, छिन्नी, मोजपट्टी, जुनी वर्तमानपत्रे, नमुन्यांसाठी सहा डब्या आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या.

सकाळी सहाच्या एसटीने सांगली सोडली. माधवनगरच्या गिरण्या मागे पडल्या. तासगाव, विटा करीत कडेगावला उतरलो. पुढे दोन मैल पायी. उसाच्या कडेने चालताना लेले सरांच्या चपलेचा अंगठा तुटला. मी पिशवीतली सेफ्टी पिन दिली.

भानुदास माझा जुना विद्यार्थी. मामाकडे राहून सांगलीला शिकला, मग फौजेत गेला. दोन वर्षांपूर्वी, दुष्काळात, रजेवर आला असताना त्याने घरची विहीर सुरुंग लावून खोल केली. मला त्याचे पत्र आले : 'बाई, तुम्ही फळ्यावर काढायचात ते तळे आमच्या विहिरीत निघाले. शंखांसकट. तुम्ही येईपर्यंत विहीर बांधू नका म्हणून घरी सांगितले आहे.'

वीस वर्षे मी ते चित्र काढते आहे. खाली लाव्ह्याचा काळा थर, वर तसाच दुसरा, मधे निळ्या खडूची रेघ : दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात साचलेले तळे. प्रत्यक्ष एकदाही पाहिले नव्हते. पत्र आल्यावर परीक्षा आल्या, आईचे दुखणे आले, आणि दोन वर्षे गेली.

भानुदासचे वडील, आबा, बांधावरच उभे होते.

"आलासा? पोराला रजा मिळंना आन् बाईला सवड घावंना. उद्या गवंडी येतोय. त्यो मऊ थर पावसात वघाळतोय, वरचा कातळ कवा निसटंल नेम न्हाई. एकदा बांधली की मग दगडंच बघा!"

म्हणजे आजचाच दिवस होता.

भानुदासची बायको शालन पुढे झाली. पदर खोचून, चऱ्हाट (जाड दोर) धरून ती खोदीव पायऱ्या उतरू लागली. मागोमाग मी, देवाचे नाव घेत. वीस हात खाली काळ्या कातळाच्या पोटात वीतभर रुंदीचा राखाडी-हिरवट पट्टा होता. मी हात लावला. गार लागला. दोन्ही बाजूंना आग, आणि मधे हे शांत पाणी साचले होते. क्षणभर मोजपट्टी काढायचेही सुचले नाही.

पण थरात शंख नव्हते. नुसते खळगे.

"त्ये मी काढून ठिवल्यात," शालन म्हणाली. "तुमाला तरास नगं म्हणून. पाटीत हायत, धुऊनशान."

नमुना थरातच पाहून, मोजून, मग काढायचा असतो. नाहीतर तो कुठला, हे कोण सांगणार? दोन वर्षे थोडे थोडे करून तिने माझ्यासाठी सगळा थर वेचला होता. मी फक्त "छान केलंस" म्हटले.

तेवढ्यात डावीकडे एक दिसला. नखाएवढा, डाव्या हाताला तोंड असलेला शंख, थरात घट्ट. मी छिन्नी लावली.

"त्यो नगं, बाई." तिने माझे मनगटच धरले. "त्यो त्येंनी बोट लावून दावलेला."

वरून लेले सर ओरडले, "बाई, तेवढाच पुरावा आहे!"

मला तो हवा होता. फार हवा होता. मी छिन्नी पिशवीत टाकली, शंखाभोवतीची मापे घेतली आणि वर आले.

आबांनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक दिले. जेवताना मी कागदावर आकृती काढली : भिंतीत, शंखासमोर, हातभर उंचीची देवळी (कोनाडा), मागून उघडी, म्हणजे विहीर बांधल्यावरही शंख दिसत राहील.

"गोगलगाईला देवळी? गाव हसंल की वं!" आबा म्हणाले.

शालन भाकरी वाढता वाढता तिथेच थांबली. आबांनी तिच्याकडे पाहिले आणि कागद घडी करून टोपीत खोचला.

"दोन वर्सं हिनं गवंड्याला हात लावू दिला न्हाई. येक देवळी काय जड हाय? घालतो."

संध्याकाळच्या गाडीने परतलो. पाटीतले शंख पाच डब्यांत बसले. परतीच्या वाटेवर लेले सर रुसून होते. जे इतकी वर्षे पाहायचे होते ते पाहिले, आणि बसने वळण घेतले तसे पुन्हा पाहावेसे वाटू लागले.

सहाव्या डबीवर गाव, खोली आणि थराची जाडी लिहून झाली आहे. आत ठेवायचा शंख काढायचा की नाही, हे भानुदासला विचारायचे आहे. त्याला रजा अजून मिळालेली नाही.