छज्ज्यावरचा पेंटर

आमच्या घराच्या खिडक्यांभोवती चॉकलेटी रंगाची किनार आहे. ती काही ठिकाणी दोन इंच रुंद आहे आणि काही ठिकाणी अकरा. मी एकतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली.

ही किनार खरं तर दिलीप पेंटर काढणार होता. मखमलाबाद रोडला आमचं छोटंसं रो-हाऊस आहे. त्याच्या भिंती दिलीपनेच झकास बदामी रंगवल्या होत्या. राहिलं होतं ते फक्त खिडक्यांच्या कडा, ग्रिल आणि छज्जे. त्याला चार दिवस लागतील, असं दिलीप म्हणाला. जुना ऑइलपेंट घासायचा, प्रायमर मारायचा, तो वाळू द्यायचा, मग एक हात, मग दुसरा हात. मी म्हटलं, अरे, दोन समांतर रेषा आणि मधे रंग, याला चार दिवस कशाला? त्यावर तो शांतपणे म्हणाला, "सर, भिंत कोणीही रंगवतं. कड काढणं अवघड असतं." हे तो कोणाला सांगत होता? ज्याने हजारो पोरांना सरळ रेषा काढायला शिकवली त्या माणसाला! मी तिथल्या तिथे जाहीर केलं की कडा मी स्वतः काढणार. दिलीपने ब्रश धुतले, माझ्याकडे एकदा दयेने पाहिलं आणि तो ओझरच्या कामावर निघून गेला.

दिलीपवर रुसायला मी नेमका नको तो आठवडा निवडला होता. आमची मुलगी कल्याणी पुण्यात नोकरी करते. तिला तिच्या ऑफिसातला स्वप्नील आवडला होता आणि त्याला ती. मुलगा सटाण्याचा, आम्ही मूळचे देवळ्याचे, म्हणजे सगळं हाकेच्या अंतरावरचं. अडचण एकच होती. त्यांच्या घरात शेवटचा शब्द आप्पांचा. आप्पा म्हणजे स्वप्नीलचे थोरले काका. त्यांनी मान हलवल्याशिवाय त्या घरातून कांद्याची ट्रॉलीसुद्धा मार्केटला निघत नाही. त्यांनी स्वप्नीलसाठी आलेली दोन स्थळं नुसतं घर बघून परत पाठवली होती. आणि येत्या रविवारी चार वाजता आप्पा आमचं घर बघायला येणार होते.

कल्याणी शुक्रवारी पुण्याहून आली. बॅग खाली ठेवायच्या आधी तिने माझ्या हातातला ब्रश पाहिला. "बाबा," ती म्हणाली, "आप्पांनी नाही म्हटलं तर स्वप्नील त्यांच्याविरुद्ध जाणार नाही. मीही जा म्हणणार नाही. प्लीज, तुम्ही काही करू नका." (इतरांच्या मुली बापाला 'काहीतरी करा' म्हणून विनवतात.) तिच्या आवाजात जी काळजी होती ती मला ऐकू आली होती, हे मी कबूल करतो. पण तोपर्यंत मी रंगाचा डबा उघडला होता.

शनिवारी सकाळी मी गवंडी लोकांची पद्धत वापरली. दोरी निळीत बुडवायची, दोन माणसांनी दोन टोकं ताणून धरायची आणि मधोमध फटका मारायचा, की भिंतीवर सरळ रेघ उमटते. दुसरं टोक धरायला सुनंदा होती. सुनंदा म्हणजे माझी बायको. ती मुळात दिलीपच्या बाजूची. ऐन फटक्याच्या वेळी आत कुकरची शिट्टी झाली आणि तिने टोक सोडलं. रेघ भिंतीवर तिरपी उमटली आणि उरलेली माझ्या बनियनवर. मग मी दोरीचा नाद सोडून पार्सलला लावतात ती चिकटपट्टी आणली. ती मात्र अगदी सरळ लागली. मी दोन पट्ट्यांच्या मधे सुरेख चॉकलेटी रंग दिला, दोन पावलं मागे येऊन स्वतःवर खूश झालो आणि पट्टी ओढली. पट्टीबरोबर दिलीपचा बदामी रंगही सालीसारखा निघून आला.

यावर उपाय एकच होता, किनार थोडी रुंद करायची. दोनाची चार इंच केली. त्यासाठी पुन्हा चिकटपट्टी लावली, ती काढताना पुन्हा साल निघाली, म्हणून चाराची सहा केली. हे गणित कुठे जाऊन थांबणार हे मला कळायला हवं होतं, पण हट्टाला पेटलेल्या माणसाला गणित सुचत नाही. संध्याकाळी सुनंदा रस्त्यावर जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ घराकडे बघत राहिली. घराला चष्मा लागलाय, एवढंच ती म्हणाली. मग तिने आत जाऊन मला न कळवता दिलीपला फोन लावला. तो सोमवारच्या आत येऊ शकत नव्हता.

रविवारी दुपारी बाराला तिने माझ्याकडून वचन घेतलं की आता ब्रशला हात लावायचा नाही. मी दिलं. पण पुढच्या दारावरचा छज्जा अर्धा चॉकलेटी आणि अर्धा जुन्या हिरव्या रंगाचा राहिला होता. आप्पा दारात उभे राहणार, वर बघणार आणि त्यांना तेच दिसणार! मला जेवण जाईना. दीडच्या सुमाराला मायलेकी स्वयंपाकघरात गुंतल्या. मिक्सर सुरू झालेला ऐकला आणि मी जुनी नाइट पँट चढवली, डोक्याला टॉवेल गुंडाळला, वासासाठी नाकातोंडावर रुमाल बांधला आणि शिडी लावली.

शिडीवरून हात पोचेल तेवढा छज्जा रंगवला, पण पुढची कड तिथून नीट दिसेना, म्हणून मी डबा खाली ठेवून, छोट्या वाटीत रंग घेऊन छज्ज्यावरच चढलो. दुसरा पाय वर घेतला आणि शिडी सरकली. ती थेट रंगाच्या डब्यावर पडली आणि डबा कल्याणीने सकाळी काढलेल्या रांगोळीवर. मी मागे वळून वरच्या खिडकीचं ग्रिल धरायला गेलो. ते मी सकाळीच रंगवलं होतं आणि अजून वाळलं नव्हतं. डावीकडचा छज्जा ओला, उजवीकडचा ओला, आणि मधे दीड फूट कोरड्या जागेत मी उकिडवा. फोन खाली चपलांच्या कपाटावर होता. सुनंदाला दोनदा हाक मारली, पण मिक्सरपुढे कोणाचं काय चालणार? एप्रिलचं ऊन होतं. मला खरोखर भीती वाटायला लागली, पडायची कमी आणि चार वाजण्याची जास्त.

तेवढ्यात गेट वाजलं. पांढरा पायजमा-शर्ट, पांढरी टोपी, हातात छत्री असे एक सत्तरीचे गृहस्थ आत आले. कल्याणीने फोनवर दाखवलेल्या फोटोतला चेहरा मी लगेच ओळखला. ते आप्पा होते. दोन तास आधी आणि एकटे.

त्यांनी आधी रांगोळीकडे पाहिलं, मग आडव्या शिडीकडे, मग माझ्याकडे.

"काय भाऊ, रंग देई ऱ्हायना का?"

त्यांनी मला पेंटर समजलं होतं. त्याच क्षणी मी कोण ते सांगायला हवं होतं. पण डोळ्यांपुढे आणून बघा. होणाऱ्या व्याह्याला मुलीचा बाप पहिला नमस्कार घालतोय तो छज्ज्यावरून, उकिडवा बसून, फाटक्या बनियनवर! मी रुमाल वर ओढला आणि हो म्हणालो.

"कोठला तू?"

"देवळाना," मी म्हणालो. शाळेत शिकवता शिकवता माझी अहिराणी गंजली होती, पण एवढी शिल्लक होती.

देवळ्याचं नाव ऐकून आप्पा खूश झाले आणि सावली बघून पायरीवर बसले. मंडळी पंचवटीत दर्शनाला उतरलीत, आपण मुद्दाम पुढे आलोय, असं त्यांनी सांगितलं. सोयरीक जोडताना नातेवाइकांना विचारण्यात अर्थ नसतो, ते गोड बोलतात. शेजाऱ्यांना विचारण्यात तर मुळीच नसतो. आप्पा ज्याचं घर बघायचं त्याच्याकडे कामाला असलेल्या माणसाला गाठतात. मागची दोन स्थळं त्यांनी अशीच नाकारली होती. एका घरी म्हणे गड्याचा चहाचा कप बाहेर कुंडीमागे ठेवलेला असायचा. हे सांगून त्यांनी छत्री मांडीवर आडवी ठेवली आणि मान वर केली.

"मंग, मालक कसा शे?"

स्वतःच स्वतःला दाखला द्यायची अशी संधी कोणाला मिळते? मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "देवमाणूस."

आप्पांनी पुन्हा एकदा शिडीकडे पाहिलं. "देवमाणसानी तुले भर उन्हात वर बसाडं आन शिडी खाले? पानी तरी दिधं का?"

पाणी कोणी दिलं नव्हतं. आता देवमाणूस टिकवला तर आप्पा मलाच खोटारडा ठरवणार, आणि नाही टिकवला तर कल्याणीचं काय? मी घाम पुसला, त्यामुळे कपाळही चॉकलेटी झालं. मग मी हळूच एक पायरी खाली आलो (शब्दांत, प्रत्यक्षात तशी सोय नव्हती). "तसा मनाचा वाईट नाय, पन हट्टी हाय. कोनाचं ऐकत नाय. सगळं आपल्यालाच येतं असं वाटतं त्याला."

"आन बाई?"

"बाई लय चांगली. तिच्यामुळंच घर उभं हाय." हे मी तीस वर्षांत सुनंदाला कधी म्हटलं नव्हतं. तोंडावर रुमाल असला की खरं बोलणं सोपं जातं.

"आन पोर कशी शे?"

इथे माझं पेंटरचं सोंग सुटलं. मी सांगायला लागलो आणि थांबताच येईना. दहावीला असताना आईला टायफॉइड झाला, तेव्हा ही पोरगी पहाटे उठून डबे करायची आणि मग परीक्षेला जायची. पहिल्या पगारात तिने स्वतःसाठी काही घेतलं नाही, बापाच्या पाठीसाठी खुर्ची आणली. तिच्यावर कोणी आवाज चढवला तर ती भांडत नाही, नुसती गप्प होते, आणि मग दोन दोन दिवस जेवत नाही. "तेवढं जपा हो," मी म्हणालो. अहिराणी कधीच संपली होती.

आप्पांनी टोपी काढून पुन्हा नीट घातली.

"किती दिवसपासून शे तू आठे कामले?"

"दोन."

"दोन दिवसमा एवढं समजनं?"

"घर लहान आहे," मी म्हणालो.

मिक्सर बंद झाला, कल्याणी आंघोळीला गेली आणि दार उघडून सुनंदा बाहेर आली. आप्पांना तिने कधी पाहिलं नव्हतं, फोटोतही नाही. तिने रांगोळी पाहिली, वर पाहिलं, आणि मला जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. मी वरून डोळ्यांनी खुणा करत होतो, पण ऊन लागल्याने माझे डोळे फिरताहेत असं तिला वाटलं. मग ती एकदम घाबरली. तिने आप्पांनाच हाताशी धरलं. दोघांनी शिडी लावली, आप्पांनी खालून घट्ट धरली, ती तीन पायऱ्या वर आली, मला पाणी पाजलं, माझी बीपीची गोळी माझ्या तोंडात घातली आणि पेंटरचं कपाळ स्वतःच्या पदराने पुसलं. आप्पा हा सगळा सोहळा खालून बघत होते. मी उतरल्यावर तिने दोघांना चहा दिला, पाहुण्यांसाठी काढून ठेवलेल्या नव्या कपांतून. आप्पांनी चहा संपवला, येतो म्हणाले आणि छत्री उघडून निघून गेले. कोण होते, असं सुनंदाने विचारलं. पत्ता विचारत होते, असं मी सांगितलं. खरं सांगायची माझी छाती झाली नाही.

चार वाजता मी टर्पेंटाइन, खोबरेल आणि साबण अशा तीन आंघोळी करून, पांढरा शर्ट घालून सोफ्यावर बसलो होतो. मंडळी आली. पोह्यांचा ट्रे घेऊन सुनंदा बाहेर आली, तिने आप्पांना पाहिलं आणि ट्रेमधल्या सगळ्या बश्या एकदम वाजल्या. मग तिने माझ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षांत वर्गात एवढी शांतता मला कधी मिळवता आली नव्हती. आप्पा मात्र खिडकीकडे बघत, अकरा इंची किनार बघत, मग माझ्याकडे बघत. कल्याणीने ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. त्या मुठीकडे बघून मी मनात ठरवलं की आता उठायचं, सगळं कबूल करायचं आणि पाय धरायचे.

मी उठणार तोच आप्पांनी बशी खाली ठेवली. "पोर आमले पसंत शे," ते म्हणाले. "मानसं बी पसंत शेतस."

कल्याणीने मूठ सोडली. सुनंदाने पदर डोळ्यांना लावला, तो अजून चॉकलेटी होता. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

"फक्त एक काम करा, सर," आप्पा माझ्या कानामागे उरलेल्या रंगाकडे निरखून बघत म्हणाले. कल्याणीने पुन्हा ओढणीचं टोक धरलं. "लगनना आधी तो पेंटर बदला. रेघ सरळ येत नही त्याले. आन मालकनी लय बदनामी करस."

पेंटरची बाजू घेणारं तिथे कोणीच नव्हतं. सुनंदा तर जोरजोरात मान डोलावत होती. मी हात जोडून कबूल केलं, आणि अशा रीतीने एकाच बैठकीत मुलीचं लग्न जमलं आणि बापाची नोकरी गेली.